सोनेरी माशांचा घास

फार पूर्वी शंखवती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तिथल्या अमात्यकुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव विशोक. तो राजाला खरे तेच सांगे. राजा त्याला मान देई, पण त्याच्याजवळ फार वेळ बसणे टाळी.

एकदा समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी राजाला सोनेरी मासे भेट दिले. राजाने त्यांच्यासाठी काचेचे मोठे पात्र घडवून घेतले आणि सभागृहात सिंहासनासमोर ठेवले. देखभालीला उपल नावाचा एक कोळी नेमला. उपलचा जन्म नदीवर जाळे टाकण्यात गेला होता. नदीतल्या माशांना कोणी जेवू घालीत नाही, त्यामुळे पात्रातल्या माशांना किती घालावे हे त्यालाही ठाऊक नव्हते. वरचे सांगतील तसे तो करी.

त्या सुमारास युवराजाला ताप आला. पुरोहित पिंगल म्हणाला, "महाराज, मुक्या जिवांना घातलेला प्रत्येक घास युवराजांचे आयुष्य वाढवील." ताप ऋतूचा होता, तो आपोआप उतरला. श्रेय मात्र घासांना मिळाले.

तेव्हापासून सभेत येणारा प्रत्येक जण मूठभर काहीतरी घेऊन येऊ लागला. कोणी लाह्या आणी, कोणी तुपात मळलेल्या पिठाच्या गोळ्या, कोणी तिळाचे लाडू कुस्करून आणी. राजाची नजर आपल्याकडे वळली आहे याची खात्री झाली की मगच मूठ उघडत. ज्याने घास टाकला नाही त्याची राजनिष्ठा कमी, असे लोक बोलू लागले. माशांना भूक आहे का, हे कोणी विचारले नाही. त्यांच्याच नावाने चाललेल्या या धर्मात मासे कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

पाणी गढूळ झाले. तळाशी कुजलेल्या अन्नाचा थर बसला. मासे वर येऊन पाण्याच्या पृष्ठाशी तोंडांची उघडझाप करू लागले.

"बघा, बघा, कसे मागताहेत बिचारे!" राणी म्हणाली आणि तिने आणखी एक ओंजळ टाकली.

विशोक नुकताच सीमेवरच्या कामावरून परतला होता. त्याने ते पाहिले आणि तो म्हणाला, "देवी, ते मागत नाहीत. त्यांचा श्वास कोंडला आहे."

राणी हसली. सभाही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मासे पोट वर करून तरंगत होते.

पिंगलाने कपाळावर हात मारला. "इतकी सेवा होत असताना मासे मरतात म्हणजे कोणीतरी विष घातले आहे. महाराज, पात्राला रोज हात कोणाचा लागतो?"

उपलला ओढत सभेत आणले. "महाराज, मी पाणी भरतो, दुसरे काही करत नाही," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. राजाने त्याच्याकडे नीट पाहिलेही नाही. "हातपाय बांधून याला नदीत सोडा."

विशोक उठला. त्याच दिवशी त्याला महामात्यपदाची मुद्रा मिळायची होती. ती तबकात ठेवून सेवक बाजूलाच उभा होता.

"बसा अमात्य," राजा म्हणाला. "आज तुमच्या मानाचा दिवस आहे. एका कोळ्यासाठी तो घालवू नका."

"महाराज, असला मान मला नको," विशोक म्हणाला. त्याचा आवाज कधी चढत नसे, तो त्या दिवशी चढला. "विष कोणी घातले ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण प्रत्येकाने ते आपल्या हाताने घातले आहे. माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे, आणि तुम्ही शंभर जणांनी त्यात दिवसभर लाडू कोंबले! तो गुदमरला तर म्हणालात, मागतो आहे. मेला तर म्हणता, कोळ्याने मारला. पुण्य घ्यायला सगळी सभा पुढे, आणि पाप घ्यायला हा एकटा? लाज वाटू द्या."

मग पिंगल म्हणाला, "आरोप सोपा आहे. पुरावा?"

राजाला युक्ती सुचली. "उरलेले मासे दोन पात्रांत वाटा. अर्धे अमात्यांकडे, अर्धे पुरोहितांकडे. ज्याचे जगतील तो खरा."

सभेला पैज आवडली. विशोक म्हणाला, "नाही. माझे म्हणणे खरे करण्यासाठी अर्धे मासे मी मरू देणार नाही. सगळे माझ्या हाती द्या. पौर्णिमेपर्यंत माझ्या चुकीने एक जरी मेला, तर उपलबरोबर मलाही नदीत सोडा."

राजाने ते मान्य केले.

विशोकाने तळाचा गाळ काढवला. सगळे पाणी एकदम न बदलता रोज थोडे काढून, उन्हात ठेवलेले पाणी तेवढेच घातले. मग तो उपलला म्हणाला, "सकाळी एकदा, चिमूटभर. एक श्लोक म्हणून होईतो ते संपायला हवे. उरले तर लगेच काढून टाक. आठवड्यातून एक दिवस काहीच घालायचे नाही."

"अमात्य, उपाशी मरतील ना?" उपलने घाबरून विचारले.

"उपासाने मासा इतक्या लवकर मरत नाही. खाल्लेले जिरले की तो पोहेल, बघ."

आणि मासे खरोखर पोहू लागले. पाणी निवळले, त्यांचा रंग उजळला. कोणी काचेजवळ आले की ते लगबगीने तिकडे धावत.

ते भुकेने मागताहेत असे वाटून राजाला हे पाहवेना. दुपारी सभागृह रिकामे असे आणि उपल जेवायला गेलेला असे. राजा एकटाच पात्रापाशी येऊन उभा राही. मासे त्याच्यासमोर गोळा होत. एका दुपारी त्याने आपल्या ताटातला केशरी भात मूठभर आणला आणि झाकण सारून आत टाकला. मासे तुटून पडले. राजाला गहिवरून आले. दुसऱ्या दुपारी त्याने दोन मुठी टाकल्या.

पौर्णिमेच्या सकाळी पाणी पुन्हा गढूळ होते आणि एक मासा मरून पडला होता.

"मुदत भरली," पिंगल म्हणाला. त्याला आनंद लपवता आला नाही. शिपायांनी उपलचे हात बांधले. विशोकाने आपले हात पुढे केले, पण त्याआधी त्याने पात्रात हात घालून तळातून थोडा भात काढला आणि राजासमोर धरला. भाताला केशराचा पिवळा रंग होता.

"महाराज, माझ्या घरी केशर शिजत नाही. उपलच्या घरी तर भातच रोज शिजत नाही. हा कोणाच्या ताटातला?"

राजाचा चेहरा उतरला. त्याने गप्प राहायचे ठरवले असते, तर त्याला विचारणारा कोणी नव्हता. पिंगल तर म्हणालाही, "उपलनेच चोरला असेल." हात बांधलेला उपल खाली बघत उभा होता. आपले म्हणणे कोणी ऐकेल ही आशा त्याने सोडली होती.

"माझ्या ताटातला," राजा म्हणाला. "मासे माझ्याकडे बघत होते. मला राहवले नाही."

"तुम्हाला राहवले नाही, म्हणून हा मासा मेला," विशोक म्हणाला. "आणि त्यापायी हा माणूसही मरत होता. महाराज, मासा मागेल, लेकरू दिवसभर मागेल. देणाऱ्याने किती ते ओळखायचे असते. देऊन तुम्हाला बरे वाटले, तिथेच तुमची दया संपली. पुढे त्याचे काय झाले ते पाहायला कोणी थांबले नाही."

राजा सिंहासनावरून उतरला. उपलच्या हातांची दोरी त्याने स्वतः सोडली आणि भरसभेत त्याची क्षमा मागितली. पात्राजवळ अन्न आणायला सर्वांना मनाई झाली. घास घालण्याचा अधिकार एकट्या उपलला मिळाला. ज्या दरबाऱ्यांचा जीव माशांसाठी तुटत होता, त्यांतला एकही पुढे त्या पात्राकडे फिरकला नाही. मासे मात्र पुष्कळ वर्षे जगले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, एका विहाराच्या पुष्करिणीकाठी, कमळांच्या तळ्याकाठी, सांगितली. अनोम नावाचा धनिक श्रेष्ठी तिथल्या माशांसाठी टोपलीभर खाद्य पाण्यात ओतत होता. पुष्करिणी राखणाऱ्या सुवच भिक्षूने त्याला अडवले, तेव्हा पोट्ठिल नावाचा दुसरा भिक्षू दानात आडवा आला म्हणून सुवचावरच संतापला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "उपासका, त्या जन्मी भद्रसेन तू होतास. पिंगल होता हा पोट्ठिल, उपल होता सुवच, आणि विशोक अमात्य मीच होतो. मात्रा ओळखणे ही करुणेची पारख आहे. मात्रेवाचून केलेले दान घेणाऱ्याचा जीव घेते. मात्रा ओळखण्याच्या सद्गुणाला मात्रज्ञता म्हणतात."

अनोमाने टोपली खाली ठेवली.