कुणालाही न भिणारा ससा

राजा दुर्जयसिंहाच्या राजवाड्यातून आठवा ससा पळाला, आणि महाराजांचा पारा चढला!

छोट्या राजकन्येला, मैनाराजेंना, ससा पाळायचा होता. मोर नको, पोपट नको, हरणाचं पाडस तर मुळीच नको. ससा म्हणजे ससाच! महाराजांनी बाजारातून पांढरे ससे मागवले, पारध्यांकडून रानातले करडे आणवले. शेजारच्या राजाने तर एक गुबगुबीत ससा रेशमी गादीवर बसवून धाडला. पण दरबाराची रीतच अशी, की महाराजांचं पाऊल आत पडलं की नगारा झडायचा आणि चोपदार घसा ताणून ललकारी द्यायचा. ती दणदण ऐकली की पिंजऱ्याचं दार ढकलून ससे जे उधळत! कुणी पडद्यात, कुणी पाण्याच्या घंगाळात, आणि रेशमी गादीवाला तर थेट प्रधानजींच्या पगडीवर! तिथून खिडकीत आणि खिडकीतून पसार. मैनाराजेंनी भोकाड पसरलं.

"पिंजराच वाईट आहे! बोलवा त्या लोहाराला!" महाराज गरजले.

पिंजरा घडवणारा सटवाजी लोहार हात जोडून उभा राहिला. पाठीशी त्याची लेक येसू होती. वय वर्षं चौदा, जीभ मात्र चांगली धार लावलेली!

"महाराज, पिंजऱ्यात खोट न्हाई," सटवाजी म्हणाला. "ससाच भित्रा असतोय, त्याला कोण काय करणार?"

"भित्रं जनावर? आणि माझ्या वाड्यात? ते काही नाही! उद्या दुपारपर्यंत कुणालाही न भिणारा ससा हजर कर. नाहीतर ऐरण उचल आणि राज्याबाहेर चालता हो!"

सटवाजीची ऐरण तीन पिढ्यांची, चार गड्यांनाही हलायची नाही. ती घेऊन जायचं तरी कुठे? येसू मात्र हसू दाबत पुढे झाली.

"आणते की, महाराज! पर ससा मैनाराजेंनीच निवडायचा, आन् आमच्या दारात येऊन निवडायचा!"

वाड्याबाहेर पडताच बापाने कपाळाला हात लावला. "कार्टे, शूर ससा आणणार कुठनं?"

"आणायचा कशाला, आबा? आपल्या कोळशाच्या पोत्यांमागं सहा हायेत की!"

खरंच होते. एका पारध्याने भाल्याला धार लावून घेतली होती आणि मोबदल्यात गाभण सशीण देऊन गेला होता. तिची पिलं घणाच्या ठणठणाटातच जन्मली, ठिणग्या बघत वाढली. कानाशी घण पडला तरी ती आपली गवत चघळत बसायची.

सकाळी मैनाराजे पालखीतून उतरल्या, त्या थेट कोळशात!

"हा पांढरा?"

"चावतोय त्यो!"

"मग हा मोठा?"

"आळशी! दिसभर लोळतोय नुसता!"

इतक्यात काजळीने माखलेला एक ससा तुरुतुरु आला आणि वाकलेल्या मैनाराजेंच्या वेणीतला मोगरा खाऊ लागला. मैनाराजे खिदळल्या. "हाच! मी हाच निवडला!"

"राजे, तुम्ही कुठं? त्यानंच तुम्हाला निवडलं!"

दुपारी दरबार भरला. ससा मधोमध बसला, पुढ्यात मुळ्याचा पाला. महाराज आले. नगारा झडला! चोपदार ओरडला! शिपायांनी ढालींवर तलवारी आपटल्या! ससा पाला खातोय. महाराज स्वतः उठले, छाती फुगवली आणि असे गरजले की झुंबरं किणकिणली. ससा दुसरं पान खातोय!

"वाहवा!" महाराज खूश झाले. मैनाराजे टाळ्या पिटत नाचू लागल्या.

पण पगडीचा राग प्रधानजींच्या मनातून गेला नव्हता. ते पुढे आले. "महाराज, घात झाला! हा नगाऱ्याला भ्याला नाही, ठीक. पण तुमच्या गर्जनेलाही भ्याला नाही! राजाला न भिणारा जीव भर दरबारात बसून पाला खातोय! आज ससा, उद्या सगळी प्रजा!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "खरंच की! पोरी, हा मलाही भीत नाही? मग या सशासकट तुम्ही बापलेक चालते व्हा!"

सटवाजी मटकन खालीच बसला. ससा भ्याला तरी हकालपट्टी, नाही भ्याला तरी हकालपट्टी! पण बाप जेवायला उठला आणि घण थांबला की हे ससे काय करतात, ते येसूला पक्कं ठाऊक होतं.

"महाराज, वरडण्याला तर माझ्या आईच्या बी सगळी गल्ली भितीया! राजाला कशाला वरडावं लागतंय? तुम्ही निस्ते गप बसून बघा. पर दरबार बी गप पायजे!"

महाराजांनी तोंड मिटलं. नगारा थांबला, चोपदाराने श्वास रोखला. सगळीकडे चिडीचूप. सशाचं तोंड चालता चालता थबकलं. कान ताठ झाले. मिशा थरथरल्या. एवढी शांतता म्हणजे भलतंच काहीतरी! त्याने टुणकन उडी मारली आणि तो सरळ महाराजांच्या जरीच्या शेल्यात घुसला, नाकाच्या शेंड्यापर्यंत!

"भ्याला!" दरबार ओरडला.

"भ्याला, भ्याला!" मैनाराजे किंचाळल्या.

महाराज शेल्यात डोकावले. "पण पोरी, हा मला भ्याला म्हणतात, तर माझ्याच कुशीत कसा शिरला?"

"मग प्रजा तरी दुसरं काय करती, महाराज?" येसू म्हणाली. "भ्यायचं बी तुम्हालाच, आन् भ्यालं की धावायचं बी तुमच्याकडंच!"

महाराज आधी गोंधळले, मग हसले, मग इतके हसले की शेल्यातला ससा वरखाली होऊ लागला आणि काजळीने राजाची पांढरी दाढी काळी झाली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं.

"सटवाजी, ऐरण उचल!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आमच्या सशाला ठणठणाट लागतो. आजपासून तुझी भट्टी राजवाड्याच्या आवारात, प्रधानजींच्या खिडकीखाली!"