हलक्या बटणांचा कारागीर

नदीकाठच्या एका गावात विश्राम पोतदार नावाचा कारागीर राहत असे. त्याच्या वाडवडिलांनी सोन्याचांदीचे काम केले. विश्रामने मात्र संगणकाच्या कीबोर्डची दुरुस्ती हाती घेतली, आणि त्यातही एका गोष्टीत नाव कमावले. दाबायला जड असलेला कीबोर्ड हलका करून देण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

अशा कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक इवलासा स्विच असतो आणि स्विचच्या पोटात एक स्प्रिंग. विश्राम चिमट्याने स्विच उघडी, कडक स्प्रिंग काढून नरम स्प्रिंग बसवी आणि वंगणाचा पुसटसा हात फिरवी. मग घरातली सोने तोलायची जुनी वजने काढून बटणावर एकेक ठेवी. जितक्या कमी वजनाने बटण खाली जाई, तितका त्याचा चेहरा खुले. लोक म्हणत, "विश्रामच्या कीबोर्डवर फुंकर मारली तरी अक्षर उमटतं." हे ऐकायला त्याला फार आवडे.

त्याच गावच्या छापखान्यात इंदूताई भोईटे टायपिंगचे काम करत. एकट्या बाई, त्याच कामावर त्यांचे घर चाले. अलीकडे संधिवाताने त्यांची बोटे सुजली होती. दुपार झाली की हात ठणकू लागत. एक दिवस त्या आपला कीबोर्ड घेऊन विश्रामकडे आल्या.

"विश्रामभाऊ, बटणं दाबायला फार जोर लागतो. जरा हलकी करून द्या."

"जरा कशाला, ताई? बोटांना कळणारसुद्धा नाही असा करून देतो."

विश्रामने जीव ओतून काम केले. इतका हलका कीबोर्ड त्याच्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता. शहरात कीबोर्डचे प्रदर्शन भरवणारे कानडे नावाचे गृहस्थ लवकरच त्याचे काम बघायला येणार होते. त्यांना हाच दाखवायचा, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

पण काही दिवसांतच इंदूताई परत आल्या. "भाऊ, मी दाबलं नाही तरी अक्षरं उमटतात. नको तिथं काना, नको तिथं मात्रा."

"सवय नाही अजून," विश्राम म्हणाला. "होईल हळूहळू."

इंदूताई गेल्या. सवय काही झाली नाही. पुढच्याच आठवड्यात एका लग्नपत्रिकेत खरे घराण्याचे खोरे झाले आणि पत्रिका तशीच छापून गेली. वधूपिता छापखान्यात येऊन कडाडला, "मुलीच्या आधी माझंच आडनाव बदललंत की हो!" सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. छापखान्याचे मालक इंदूताईंना म्हणाले, "ताई, तुमचा हात आता चालत नाही. मी दुसरं माणूस बघतो."

इंदूताईंनी कीबोर्ड उचलून तडक विश्रामचे दुकान गाठले. "जुन्या स्प्रिंगा परत घाला. हात दुखले तरी चालतील, काम जायला नको."

विश्रामला राग आला. आपले सर्वांत चांगले काम आपल्याच हाताने मोडायचे? तो म्हणाला, "दोष कीबोर्डात नाही, तुमच्या बोटं ठेवण्यात आहे. बसा इथं, मी शिकवतो."

इंदूताई बसल्या. त्यांनी बटणांवर हात ठेवले मात्र, पडद्यावर मात्रांची रांग लागली.

"बघा! बोटं टेकवताय तुम्ही. जरा वर उचलून धरा."

"उचलून धरता आली असती," इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"

विश्रामची नजर पडद्यावरून खाली आली. इतक्या दिवसांत त्याने बटणे शंभरदा तपासली होती. इंदूताईंच्या बोटांकडे तो आज पहिल्यांदा बघत होता. पेरे सुजून गाठीगाठींची झाली होती. करंगळी वाकडी होती, ती सरळच होत नव्हती. त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटली.

त्याने आपला तळवा पुढे केला. "ताई, बटणांवर ठेवता तसा हात यावर ठेवा."

इंदूताईंनी हात ठेवला. कोणत्या बोटाचा किती भार पडतो, ते विश्राम डोळे मिटून अजमावत राहिला. मधली बोटे जड पडत होती. करंगळीत मात्र जीवच नव्हता. मग तो कामाला लागला. जड बोटे टेकत होती तिथे त्याने थोड्या कडक स्प्रिंगा घातल्या. करंगळीखाली सर्वांत नरम स्प्रिंगा राहू दिल्या. एक बटण बदलायचे, इंदूताईंना टाइप करायला लावायचे, पुन्हा बदलायचे, असे संध्याकाळपर्यंत चालले. अखेर इंदूताईंनी एक अख्खे पान टाइप केले. त्यात एकही मात्रा जास्तीची नव्हती.

"दुखतंय का?" विश्रामने विचारले.

"फार नाही. एवढं चालतं," इंदूताई म्हणाल्या आणि हसल्या.

तेवढ्यात कानडे दुकानात आले. समोरचाच कीबोर्ड त्यांनी ओढून घेतला, चार बटणे दाबली आणि नाक मुरडले. "हे काय, पोतदार? एक बटण जड, एक हलकं. हे तुमचं काम म्हणून कुणाला सांगू नका."

विश्राम क्षणभर घुटमळला. हा दुरुस्तीला आलेला दुसऱ्या कुणाचा कीबोर्ड आहे, एवढे म्हटले असते तरी भागले असते.

"माझंच काम आहे," तो म्हणाला. "खुशाल सांगा. पण तो तुमच्या बोटांसाठी केलेला नाही."

कानडे निघून गेले. प्रदर्शनाचे बोलावणे काही आले नाही, आणि विश्रामला त्याचे थोडे वाईटही वाटले. इंदूताईंची बिनचूक पाने पाहून मालकांनी मात्र दुसरे माणूस बघणे सोडले आणि त्यांचे काम टिकले. त्यानंतर दुकानात कोणी कीबोर्ड घेऊन आले, की विश्राम तो बाजूला ठेवी आणि म्हणे, "आधी बसा, आणि हात दाखवा."

तात्पर्य: दुसऱ्याचे दुखणे हलके करायला निघालेल्याने आधी ते दुखणे नीट समजून घ्यावे, नाहीतर केलेला उपकारही त्या दुसऱ्याला ओझे होतो.