सरकारांचं उष्टं

हरणगडच्या सर्जेराव महाराजांना जेवायला एकवीस पक्वान्नं लागत. प्रत्येकाचा एक घास चाखायचा आणि ताट पुढे ढकलायचं, असा त्यांचा बाणा. बाकीचं अन्न ओढ्यात जाई. ताट पुसून खाणं भिकाऱ्यांचं काम, असं ते ऐटीत सांगत. मेजवानीत हात आखडता घेतला म्हणून एका गावच्या पाटलाची त्यांनी पाटीलकीच काढून घेतली होती.

पुढचा मुक्काम निंबगावी पडणार होता. तिथल्या पाटलांची झोप उडाली. त्यांच्या पत्नी यमुनाक्का मात्र शांतपणे चुलीपुढे बसल्या.

सकाळभर घोडा दौडवून महाराज दुपारी पाटावर बसले. ताटात एकवीस पक्वान्नं होती खरी, पण प्रत्येकाचा एकच घास!

"ही काय थट्टा मांडलीय?" महाराज कडाडले.

"थट्टा कशी करीन, सरकार?" यमुनाक्का म्हणाल्या. " आपण खाता तेवढं सगळं वाढलंय. आपण टाकता ते गावाला जेवू घातलं. ओढ्यापेक्षा गाव जवळ पडलं."

बाहेर गाव ढेकर देत महाराजांचा जयजयकार करत होतं. आता रागवायची सोय उरली नव्हती. एकवीस घास संपले आणि पोटात कावळे ओरडायला लागले.

"अजून काही आहे का?" महाराजांनी हळूच विचारलं.

यमुनाक्कांनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. महाराजांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि बोटानं ताट पुसलं.

"काय चव आहे! भाजीत घातलंत तरी काय?"

"तेल, लसूण आणि मीठ, सरकार. भूक तेवढी आपली आपणच आणलीत."