झिऱ्यावरची जीभ

फार जुन्या काळची गोष्ट. पोरांनो, ऐका, आणि थोरांनी तर कान उघडे ठेवूनच ऐका.

एका गावाची नदी उन्हाळ्यात आटायची. मग बायका कोरड्या पात्रात झिरा खणायच्या. वाळूत खोल खड्डा केला की तळाशी पाणी पाझरायचं आणि त्यावर गाव तगायचं. कोणाला हुकूम नव्हता, कोणाला मजुरी नव्हती. जिला वाटेल तिने यावं आणि वाळूची पाटी हातोहात वर द्यावी.

त्यांत एक भिवरा होती. कामाला वाघीण, नजर घारीची आणि जीभ विळ्याची. चूक दिसली की ती बोलणार, आणि बोलली की माणूस सोलून काढणार.

एकदा तानी नावाच्या नव्या सुनेच्या हातून पाटी कलंडली आणि वाळू परत खाली गेली. भिवरा म्हणाली, "माहेरी नुसतं जेवायलाच शिकवलं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तानी आली नाही. तिच्या आळीतल्या बायकाही आल्या नाहीत. पाणी अजून लागलं नव्हतं आणि हात कमी पडू लागले.

झिऱ्यावर म्हाताऱ्या कोंडाबाईचा शब्द चालायचा. तिने घरोघर जाऊन सगळ्यांना परत आणलं आणि बजावलं, "आजपासून इथे कोणी कोणाला चकार शब्द बोलायचा नाही. बोलेल तिने घर गाठायचं, ते थेट पावसाळ्यापर्यंत."

झिरा खणायचा आणि आपण घरी बसायचं, हे भिवराला कसं सोसावं? तिने ओठ मिटले. झिरा असा गप्प झाला की कावळ्यांनाही चुकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात भिवराला दिसलं, तानी वाळू अगदी कडेवरच ओतत होती. ढिगाच्या भाराने कडेला चीर गेली होती आणि बरोबर त्या चिरेखाली कोंडाबाई वाकून खणत होती.

भिवराने हात हलवले, डोळे वटारले, मान नाचवली. बायकांना वाटलं, ही वेडावून दाखवतेय. त्या पदराआड हसल्या.

चिरेतून वाळू गळू लागली. आता घरी बसावं लागलं तरी चालेल, असं ठरवून भिवरा ओरडली, "कोंडाकाकू, वर या. कड बसतेय."

काकू वर आली आणि मागे कड धप्पदिशी खाली बसली. अर्धं काम गेलं, पण माणूस वाचलं.

भिवरा मुकाट्याने घरी निघाली.

"कुठे चाललीस?" कोंडाबाईने वाळू झटकत विचारलं. "तुझ्या तोंडाला कुलूप घातलं ही माझी चूक."

"म्हणजे हिने पुन्हा माझं माहेर काढायचं?" तानी म्हणाली. "मग मीच जाते."

"तूही थांब. पाटीबद्दल, वाळूबद्दल, खणण्याबद्दल कोणीही कोणाला बोला. मलासुद्धा. पण माहेर, सासर, रंग, रूप काढाल, तर जिला बोललात तिच्या घरचं पाणी आठवडाभर तुम्ही भरायचं."

काम पुन्हा सुरू झालं. सवयीने तानीने वाळू कडेवरच ओतली.

"अगं, तुझ्या माहेरी..." भिवराने सुरुवात केली आणि जीभ चावली. "वाळू लांब टाक. कड ढासळते."

"टाकते," तानी म्हणाली. "आणि मावशी, तुमची पाटी सकाळपासून अर्धीच भरतेय."

भिवराने पाटीत डोकावलं. खरंच अर्धी होती. सगळ्या हसल्या, आणि सर्वांत शेवटपर्यंत भिवरा हसत राहिली.

चार दिवसांत तळाला पाणी लागलं. पहिली घागर तानीने भरली आणि भिवराने तिच्या डोक्यावर चढवून दिली.

बोध असा: जिथे सगळे आपखुशीने राबतात, तिथे काम चुकलं असं म्हणायची मोकळीक प्रत्येकाला हवी आणि माणूस सोलायची मुभा कोणालाच नको.