मामांची गाडी आणि सोपानचं ध्यान

खानापूर तालुक्यातल्या एका माळावरच्या गावात एक भोळा गडी होता. नाव सोपान. वय तिशीला टेकलेलं, अंग तालमीतलं, कामाचा कंटाळा नाही. खोट एकच. सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तसंच करायचा. एकदा आईनं सांगितलं, "वाळवणावर कोंबडी येऊ देऊ नको." संध्याकाळी आई परत आली तर वाळवण नाही आणि शेजारची शेळी ढेकर देत बसलेली. सोपान म्हणाला, "आई, कोंबडी एक बी आली नाही."

अशाला पोरगी कोण देणार? पंचक्रोशीत कुणी देईना. शेवटी आईनं त्याला आपल्या भावाकडं धाडून दिला.

भाऊ म्हणजे आनंदामामा. त्या भागातली कितीतरी माणसं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यापायी मुलूखभर पांगलेली आहेत. या धंद्याला गलाई म्हणतात. मामांची गलाई पार हिमाचलात, डोंगरातल्या एका गावात. तिथं सगळंच उतारावर. घर उतारावर, दुकान उतारावर, आणि हिवाळ्यात त्या उतारावर गुडघाभर बर्फ.

सोमवारी सोपान पोचला. मामांनी त्याला अंगणात नेलं. तिथं नवी कोरी पांढरी गाडी उभी होती.

"हे बघ," मामा म्हणाले, "पलीकडच्या गावात आपलेच गलाईवाले आहेत, रंगराव तात्या. त्यांची स्वप्नाली लग्नाची आहे. रविवारी बापलेक आपलं घर बघायला येणार. मी या गाडीतनं त्यांना आणणार. तवर तू एवढंच कर. गाडी धुवून स्वच्छ ठेव आणि थंडीपासून जप. गाडी नीट, तर लग्न नीट. कळलं?"

सोपानला कळलं. आपलं लग्न गाडीवर आहे. त्यानं बादली घेतली.

त्या संध्याकाळी त्यानं गाडीवर अकरा बादल्या ओतल्या. दारांच्या फटीत, कुलपांत, कुठं म्हणून कोरडं ठेवलं नाही. सकाळी गाडी बर्फाच्या पेटीत ठेवल्यासारखी दिसत होती. मामांनी दार ओढलं. दार आलं नाही, मूठ हातात आली. शेवटी मामा डिकीतून शिरले, डोकं आधी. त्यांचे पाय बराच वेळ बाहेर हलत होते.

"सोपान, काल कशानं धुतलीस?"

"पाण्यानं."

"कसल्या?"

"नळाच्या."

"आरं, या थंडीत गार पाणी गोठतं. पाणी गरम करून घ्यायचं. गरम."

"एवढंच ना मामा? आधी सांगायचं."

सोपाननं ते ध्यानात ठेवलं. सोपानचं ध्यान पक्कं होतं. एका वेळी एकच गोष्ट मावायची, पण पक्की.

बुधवारी पहाटे बर्फ पडलं आणि पुढच्या काचेवर त्याचा जाड पापुद्रा धरला. सोपाननं मामीचा अंघोळीचा बंब खळखळ उकळवला आणि कढत पाणी काचेवर ओतलं. टच्च असा आवाज झाला. मामी आवाजाला घाबरणाऱ्या. त्यांच्या हातातलं लाटणं पडलं.

"काय फुटलं रे?"

"फुटलं नाही मामी. काचेवर रेघ आली. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत."

मामांनी रेघ बघितली. रेघेकडं बघतच म्हणाले, "थंडगार काचेवर उकळतं पाणी ओततात का? चिकटलेलं असलं की पाणी नाही ओतायचं. खरवडायचं."

"एवढंच ना मामा? आधी सांगायचं."

तिथं बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. चाकांनी ते उडतं, गाडीला चिकटतं, आणि पत्रा गंजायला लागतो. गुरुवारी मामांची गाडी दुकानातून आली ती मिठानं माखूनच. सोपाननं जवळ जाऊन बघितलं. बोटानं दाबून बघितलं. चिकटलेलं होतं.

त्यानं आपल्या ट्रंकेतलं खुरपं काढलं. गावाकडून येताना त्यानं दोन सदरे, एक घोंगडं आणि खुरपं आणलं होतं. खुरपणीला बसताना हरभऱ्याची पात, म्हणजे ओळ, धरावी तशी त्यानं गाडीची एक बाजू धरली आणि पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत बसून बसून नेली. खुरपायला त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. तणाची काडी राहिली नाही. रंगाचीही राहिली नाही.

मामा बाहेर आले आणि बर्फातच खाली बसले.

"रंग कुठाय?"

"मीठ बी पांढरं, रंग बी पांढरा," सोपान म्हणाला. "आणि दोन्ही चिकटलेलं होतं मामा."

मामी दारातून म्हणाल्या, "अहो, उठा, सर्दी होईल."

मामा उठले. दुसरी बाजू अजून शाबूत होती, ती त्यांनी हात लावून बघितली. मग म्हणाले, "पत्र्याला खुरपं लावायचं नाही. मऊ फडक्यानं मेण चोळायचं. मेण चोळलं की वर काही ठरत नाही. पाणी असो, बर्फ असो, घसरून जातं."

"एवढंच ना मामा? आधी सांगायचं."

शुक्रवारी सकाळी मामांनी मेणाचा डबा दिला. सोपान गाडीभोवती दोन वेळा फिरला आणि विचारात पडला. गाडीला बर्फ सगळ्यांत जास्त लागतं कुठं? चाकांना. दिवसभर बिचारी बर्फातच असतात. त्यानं सबंध डबा चाकांना चोळला. चारी चाकं जांभळासारखी चकचकीत झाली.

मामा दुकानाला निघाले. गाडी अंगणातून आडवी निघाली, एकदा स्वतःभोवती फिरली, घराकडं तोंड करून क्षणभर थांबली आणि मग पाठमोरी उतार उतरून शेजारच्या नेगींच्या गवताच्या गंजीत शिरली. नेगी बाहेर आले. गंजीतून निघणाऱ्या मामांना त्यांनी नमस्कार केला आणि काही न विचारता आत गेले. सोमवारपासून ते खिडकीतून सगळं बघत होते.

मामा ओरडले नाहीत. त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी स्वतः साबण लावून चाकं धुतली, बाजारातून लोखंडी साखळ्यांची जोडी आणली आणि पुढच्या दोन चाकांना गुंडाळली. वर आकडे अडकवले.

"ह्या कशाला मामा?"

"बर्फावर जे घसरतं," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्याला साखळी बांधायची. साखळी असली की बिनघोर. मग कितीबी उतार असू दे."

"एवढंच ना मामा?"

"एवढंच. आणि आता रविवारपर्यंत गाडीला हात लावू नको."

सोपाननं दोन दिवस हात खिशात घालून काढले.

रविवारी मामांनी पाहुणे आणले. खुरपलेली बाजू रस्त्याकडं आणि चांगली बाजू घराकडं करून गाडी उतारावरच उभी केली. साखळ्या होत्या, काळजी नव्हती.

"काचेवर हे काय?" तात्यांनी उतरता उतरता विचारलं.

"नक्षी आहे," मामा म्हणाले.

रंगराव तात्या म्हणजे भरदार मिशांचे, दोन माणसांच्या वजनाचे गृहस्थ. गाडीतून उतरले आणि पहिल्याच पावलाला घसरले. मामांनी धरलं. चार पावलांवर पुन्हा घसरले. या वेळी मामांसकट बसले. मागून स्वप्नाली हसू दाबत चालत होती. तात्या उठून धोतर झटकत म्हणाले, "असल्या घसरगुंडीवर पोरगी द्यायची म्हणजे विचार करावा लागंल, आनंदराव."

घरात शेगडी पेटलेली होती. तात्यांनी बूट काढले, लोकरीचे मोजे घातलेले पाय शेगडीकडं केले, मामीचे कांदेपोहे दोनदा घेतले. गावाकडच्या पावसापाण्याच्या गोष्टी निघाल्या. तात्यांनी सोपानचे दंड बघितले, खांदे बघितले. मिशीला पीळ दिला. रंग चढत होता.

मामा सोपानला स्वयंपाकघरात घेऊन गेले. "जमतंय," ते कुजबुजले. "पण जाताना तात्या परत घसरले, तर लग्न गेलं समज."

त्यानं दारातून स्वप्नालीकडं एकदा बघितलं. तीही बघत होती. एवढी चांगली पोरगी, आणि बाप घसरणारा. तो मागच्या दारानं बाहेर गेला. गाडीला हात न लावायची मुदत संपली होती. रविवार उजाडला होता. त्यानं जॅक लावला, काम केलं, जॅक काढला, आणि सदऱ्याखाली काहीतरी धरून आत आला.

आत मामांनी तबक पुढं केलं होतं. त्यात सुपारी आणि अडकित्ता. सुपारी फोडली की सोयरीक पक्की. तात्यांनी अडकित्ता उचलला.

त्याच वेळी सोपान तात्यांच्या पायांशी वाकला.

मामीचे डोळे भरून आले. तात्याही गहिवरले. "पाया पडायचं आजकालच्या पोरांना सुचत नाही," ते म्हणाले आणि सोपानच्या डोक्यावर हात ठेवून राहिले. सोपानला वेळ लागत होता. खळ्, खळ्, असा बारीक आवाज येत होता. तात्यांना वाटलं, मामीच्या बांगड्या. मामीला वाटलं, तात्यांचं घड्याळ. मग आकडे बसले, खट्, खट्.

तात्या उठले, एक पाऊल टाकलं आणि तबकावर कोसळले. सुपारी शेगडीत गेली.

त्यांच्या दोन्ही पायांना, मोज्यांवरून घोट्यापर्यंत, लोखंडी साखळ्यांचे आठ आठ वेढे होते.

"आता कितीबी उतार असू दे तात्या," सोपान म्हणाला.

तात्या लाल झाले. "गाडी काढा आनंदराव. मी हितं घटकाभर थांबणार नाही. हे लग्न होत नाही."

मामांनी किल्ली घेतली आणि खिडकीशी गेले. तिथंच थांबले. सगळे त्यांच्या मागं येऊन उभे राहिले. गाडी निघाली होती. सावकाश, पाठमोरी, कुणाला न सांगता. नेगींच्या फाटकातून आत गेली, परसातून बाहेर पडली, आणि खालच्या ओढ्यात टपापर्यंत बर्फात जाऊन बसली.

"चाकांना साखळ्या होत्या की," मामा पुटपुटले.

सगळ्यांनी तात्यांच्या पायांकडं बघितलं.

"गाडी उभी होती मामा," सोपान म्हणाला. "घसरत होते तात्या."

स्वप्नालीनं ओढणी तोंडात कोंबली होती, तरी तिचे खांदे हलत होते.

"आणि मी घरी जाऊ कसा?" तात्या गरजले. "सात मैल बर्फ आहे."

सोपाननं विचार केला. मग कोपऱ्यातली काठी आणून त्यांच्या हातात दिली आणि अदबीनं दार उघडून धरलं.

"तुम्ही बिनघोर निघा तात्या. पोरीला मात्र हितंच ऱ्हाऊ द्या. साखळ्या दोनच हायेत."