राजेसाहेबांची गाडी आणि घोसाळ्याची भजी

“ऑइल बदललंस तर नोकरी गेली! आणि दसऱ्याला गाडी वाटेत बंद पडली, तरी नोकरी गेली!”

सुरंगगडच्या राजेसाहेबांनी घटस्थापनेच्या सकाळी हुकूम सोडला आणि ड्रायव्हर तुळशीराम उघड्या बॉनेटसमोर मटकन खालीच बसला.

राज्य केव्हाच विलीन झालं होतं. हत्ती गेले, घोडे गेले. राजेसाहेबांकडे उरली ती ही मोटार आणि त्यांचा हट्ट. मोटारीने तीन लाख किलोमीटर ओलांडले होते. हट्टाचे कुणी मोजले नव्हते. दर दसऱ्याला याच गाडीतून राजेसाहेब सीमोल्लंघनाला जात. जिंकायला मुलूख नव्हता, म्हणून आपट्याची पानं लुटून चहाच्या वेळेला परत येत.

तुळशीराम एवढंच म्हणाला होता, “सरकार, ऑइल पार काळं पडलंय. इंजिन खडखडतंय. जुनी गाडी हाय, लवकर बदलाय पायजे.”

“लवकर? अरे, हे सिंथेटिक ऑइल आहे! डब्यावर चक्क छापलंय, पंधरा हजार किलोमीटर! झाले किती?”

“आठ हजार, सरकार.”

“म्हणजे सात शिल्लक! कमी झालं असेल तर वरून ओत!”

“वा! डबा कधी खोटं बोलेल का?” दिवाणजी म्हणाले. ते मान डोलावण्याचाच पगार घेत.

नोकरी गेली की गॅरेजमागच्या दोन खोल्याही जाणार होत्या. तुळशीराम रडवेल्या तोंडाने मुदपाकखान्यात बायकोकडे गेला. भिवराबाई राजवाड्याची स्वयंपाकीण. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुरी उलटत म्हणाली, “रडू नगासा. फकस्त येक करा. नवमीपतुर ही कढई कुणाला घासू देऊ नगासा.”

तुळशीरामाला वाटलं, आपलं इंजिन बिघडलंय आणि हिचं डोकं!

खंडेनवमी उजाडली. गंजलेल्या तलवारींची पूजा झाली, मोटारीला झेंडूची माळ पडली. या वर्षी नव्या दैवताची भर होती. चौरंगावर ऑइलचा डबा, त्याला हळदकुंकू आणि वर एक फूल! पूजा आटोपून राजेसाहेब मुदपाकखान्यातच पानावर बसले. घोसाळ्याची भजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी एक उचललं, तोंडात टाकलं...

“थू! भिवरे! भजी तळलीस की डांबर?”

तुळशीराम दारात उभ्या उभ्या देवाचं नाव घेऊ लागला.

“सरकार, घाण्यावरचं शेंगतेल हाय,” भिवराबाई म्हणाली. “गावात सगळ्यात म्हाग. तेली म्हनला, नवरात्रभर तळलं तरी याला कायबी हुत न्हाई.”

“मग ताजं तेल वरून ओतायचं होतंस!”

“वतलं की! काळ्यात वतलं, काळंच झालं.”

राजेसाहेब तरातरा उठले आणि स्वतः चुलीपाशी गेले. त्यांनी कढईत झारा घातला. तळाशी जळक्या बेसनाचा काळाकुट्ट थर!

“ही बघ! ही बघ तुझी कढई! यात अमृत ओतलंस तरी दुपारपर्यंत काळं पडेल! तेली बोलला ते स्वच्छ कढईचं! तुझ्या कढईत काय साचलंय, ते त्याला काय माहीत?”

भिवराबाईने पदर सावरला. “अगदी बरोबर बोललासा, सरकार. अन् तीन लाख किलोमीटर पळलेल्या इंजिनात काय साचलंय, ते तरी डबेवाल्याला काय म्हाईत?”

दिवाणजींची मान सवयीने डोलायला लागली होती. कोणाच्या बाजूने डोलतेय हे ध्यानात येताच ती अर्ध्यात थांबली.

पण राजेसाहेब इतक्यात हरले असते तर ते राजेसाहेब कसले! “ठीक आहे! मग कधी बदलायचं ते सांग! उत्तर आलं नाही तर हुकूम कायम!”

“सांगते की. पर आधी सरकारांनी सांगावं. सरकार विशीत हुते तवा वैद्यबुवा नाडी बघाय कितीदा यायचे?”

“वर्षातून एकदा. तेही जेवायला!”

“अन् आता?”

“दर पंधरवड्याला.”

“आता तर म्हागाची भस्मं देत्यात. मग येरझाऱ्या का थांबल्या न्हाईत?”

“भस्मानं वय पुसलं जातं का, बाई? वय झालं की नाडी जास्त वेळा बघावीच लागते!”

“मग गाडीचीबी बघा, सरकार! डब्यावरचा आकडा तिच्या विशीतला हाय. आता त्याच्या निम्म्यावर बदला. मधी मधी ऑइलात पट्टी बुडवून बघा. काळं दिसलं तर निम्म्याचीबी वाट बघू नगा.”

दिवाणजी ओरडले, “सरकारांना म्हातारं म्हणतेस?”

“म्या न्हाई बा! म्या गाडीचं बोलले. सरकारांचं सरकारच बोलले!”

क्षणभर राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. मग ते हसले. इतके हसले, की फेटा घसरून नाकावर आला. “तुळशीराम! जेवणं राहू दे, आधी ऑइल बदल! गॅरेजमागच्या खोल्या आजपासून तुमच्या, कायमच्या. आणि दिवाणजी, तो डबा चौरंगावरून उतरवा. फूल भिवराबाईला द्या, आणि तिच्यासाठी एक नवी कढई आणा!”

एवढं बोलून त्यांनी हताश होऊन पानाकडे पाहिलं. “पण आमची भजी?”

भिवराबाईने कोपऱ्यातल्या परातीवरचं फडकं उचललं. पिवळीधमक भजी अजून वाफाळत होती.

“दुसऱ्या घासलेल्या कढईत, ताज्या तेलात तळून ठिवल्यात, सरकार. त्या तेल्याला न इचारता!”