साळूची कुंची

माणदेशातल्या बोरजाई गावी ओंकारगीर महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे दत्ताची एक लहानशी खोली, पुढे ओसरी आणि अंगणात बाभूळ. महाराज पंधरा वर्षे तेथे राहिले. त्यांनी कोणाला अंगारा दिला नाही, की कोणाचे भविष्य सांगितले नाही. दारी आलेल्याला भाकरी देत आणि "बस थोडा वेळ" म्हणत. तरीही त्यांच्यापाशी बसलेल्यांना जे अनुभव आले, त्यांपैकी हा एक.

दत्तजयंतीला सूर्यास्ताच्या वेळी मठात पाळणा होई. वीतभर उंचीची पितळी बालमूर्ती पाळण्यात निजवण्यापूर्वी तिला लोकरीची नवी कुंची घालण्याची रीत होती. हेडमास्तरांच्या पत्नी मनोरमाबाई ती दरवर्षी विणत. कुंचीच्या पाठीवर उभी वेणी असे. तीन टाक्यांवरून तीन टाके ओलांडून घातलेला पीळ. मनोरमाबाईंनी पुण्यात विणकामाची परीक्षा दिली होती, त्यात त्या पहिल्या आल्या होत्या, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेले माणूस त्यांनी गावात राहू दिले नव्हते.

त्या वर्षी आश्विन महिन्यात साळू कोकरे ही धनगराची बाई सहा महिन्यांची नात कडेवर घेऊन मठात आली. चैत्रात तिची लेक दोन दिवस अडली होती. तेव्हा साळूने दत्ताला शब्द दिला होता: लेक आणि लेकरू वाचले, तर त्याच दिवशी मेंढवाड्यात जन्मलेल्या पांढऱ्या कोकराच्या लोकरीची कुंची स्वतःच्या हाताने करीन; दुसऱ्या लोकरीचा धागा तिला लावणार नाही. दोन्ही जीव वाचले. आता कोकराची पहिली कातर झाली होती. साळूने ती लोकर टकळीवर कातून आणली होती. अडचण एवढीच, की विणकामाच्या सुया तिने जन्मात हातात धरल्या नव्हत्या.

महाराज म्हणाले, "मनोरमाबाई, हिला वेणी शिकवा."

बाईंना नाही म्हणवेना. "शिकवते. पण साळू, तुझ्या लुगड्याला मेंढरांचा वास येतो गं. तू आपली समोर पायरीवर बस. तिथून नीट दिसेल."

"व्हय बाई," साळू म्हणाली आणि पायरीवर बसली.

सुलट टाके तिला दोन दिवसांत आले, उलट टाके चार दिवसांत. मग पीळ आला. बाई तीन टाके तिसऱ्या सुईवर काढीत, ती सुई कामाच्या अलीकडे धरीत, पुढचे तीन टाके विणीत आणि मग अडवलेले तीन घेत. साळूपाशी तिसरी सुई नव्हती. तिने बाभळीचा लांब काटा काढला, विटेवर घासून गुळगुळीत केला आणि त्यावर भागवले. समोर पाहून ती एक एक हालचाल उचलत राहिली. घरी मात्र ती बाईंनी नमुन्याला दिलेला तुकडा पाहून विणी.

महिनाभराने तिने काम दाखवले. मनोरमाबाई खळखळून हसल्या. "अगं, ही वेणी आहे की वाट चुकलेली मेंढरं? एक पीळ डावीकडे, दोन उजवीकडे, पुन्हा डावीकडे! बायांनो, पाहा तरी!" ओसरीवरच्या बायाही हसल्या.

महाराजांनी तुकडा हातात घेऊन पाहिला. "साळू, तू समोर बसतेस. बाईंनी अलीकडे धरलेली सुई तुला पलीकडे दिसते आणि तू ती पलीकडेच धरतेस. चूक बोटांची नाही, जागेची आहे. उद्यापासून बाईंच्या शेजारी बस."

मनोरमाबाईंचे तोंड उतरले, पण त्यांनी चटई सरकवून जागा दिली.

साळूने सगळे काम उसवले. हाताने कातलेली ती कोवळी लोकर. उसवताना ठिकठिकाणी तुटली. तुकड्यांना पीळ देऊन तिने जोडले, तरी बरीच वाया गेली. ती पुन्हा पहिल्या टाक्यापासून बसली. या खेपेस वेणी सरळ उतरली.

दत्तजयंती उजाडली. दुपारी कीर्तन सुरू झाले तेव्हा साळू ओसरीच्या कोपऱ्यात विणत होती. सोळा ओळी उरल्या होत्या आणि गुंडा जवळजवळ संपला होता. मनोरमाबाईंनी धागा उलगडून कामाच्या रुंदीवर धरला.

"ओळीला रुंदीच्या तिप्पट धागा लागतो, साळू. हा तीन ओळींना पुरेल. चौथी अर्ध्यात राहील. मी माझी कुंची करून आणलीच आहे. देवाला तीच घालू."

साळूचे हात थांबले. "मग माझा सबूद?"

"शब्द देताना लोकर मोजायची होती."

साळू उठली आणि महाराजांपुढे जाऊन उभी राहिली. तिने गुंडा पुढे धरला. महाराजांनी तो इवलासा गुंडा तळहातावर घेतला, दत्ताच्या पायाला लावला आणि तिच्या ओटीत टाकला.

"किती उरला ते बघू नकोस. पुढचा टाका बघ."

साळू बसली. मनोरमाबाई मुद्दाम तिच्याजवळ बसल्या आणि ओळी मोजू लागल्या. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी अर्ध्यात अडायला हवी होती. ती पूर्ण झाली. गुंडा होता तेवढाच होता. आठव्या ओळीला बाईंनी तो उचलून पाहिला आणि हात भाजल्यासारखा खाली ठेवला. बाराव्या ओळीला त्यांनी मोजणे सोडले. त्या वेळी ओसरीवर सात जणी होत्या. पुढे सातही जणींनी हीच हकिकत सांगितली. फरक पडे तो गुंड्याच्या मापात. कोणी बोराएवढा म्हणे, कोणी चिंचोक्याएवढा. पण तो सरेना, यावर दुमत नव्हते. आणि असा अनुभव घेणारी साळू? तिने एकदाही मान वर केली नाही. धन्य तिची!

सोळावी ओळ विणून तिने टाके बंद केले. धाग्याचे टोक शेवटच्या टाक्याच्या फासातून ओढून घेतले, तेव्हा गुंड्याच्या जागी काही नव्हते. बाहेर सूर्याची कड टेकली होती.

महाराजांनी मूर्तीला कुंची साळूलाच घालायला लावली. पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला. मनोरमाबाई आपली कुंची मुठीत धरून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवून म्हणाल्या, "महाराज, मी हिशेब बरोबर केला होता हो!"

"बरोबरच होता," महाराज म्हणाले. "म्हणून तर ही गोष्ट तुमच्याइतकी कोणालाच कळली नाही."

बाईंना हुंदका आला. मग त्यांना साळूच्या मांडीवरची नात दिसली. मार्गशीर्षाच्या गारठ्यात तिचे डोके उघडे होते. बाईंच्या मुठीतली कुंची वीतभर मूर्तीच्या मापाची. ती पोरीच्या टाळूवर जेमतेम बसली. बाईंनी ती ओढून बसवली, हनुवटीखाली बंद बांधले आणि तशाच वाकून त्या साळूच्या पायांशी टेकल्या.

"अगं बया, उठा की बाई!" साळू घाबरून मागे सरली. "मला मेंढराचा वास येतोय!"

"येऊ दे," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वाकल्या.